पाठमोरं शहर

जुन्या गोव्याला आलेला प्रवासी बसमधून उतरतो तो थेट बॉम जेझसच्या दारात. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. दोन्ही पाहून झाली, ऊन फार चढलेलं नसलं आणि बसवाल्याने दिलेल्या वेळातला थोडा उरला असला, तर तो उताराच्या वाटेने नदीकडे जातो. वाटेत जांभ्या दगडाची एक कमान लागते. तिच्याखालून पलीकडे गेलं की फेरीबोटीचा धक्का आणि मांडवी. धक्क्यावर नदीचा एखादा फोटो काढून परत वळताना त्याने मान वर केलीच, तर त्याला दिसतं की कमानीवर वास्को द गामाचा पुतळा आहे आणि तो नदीकडे तोंड करून उभा आहे. येताना आपण या गृहस्थाच्या पाठीमागून आलो. फ्रांसिस्को द गामा हा वास्कोचा पणतू १५९७ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय म्हणून आला. पणजोबांच्या सफरीला शंभर वर्षं होत होती, त्या निमित्ताने त्याने ही कमान उभी केली. आज दिसते ती १९५४ मधली पुनर्रचना. पण तोंड तिकडेच आहे, नदीकडे, आणि ते असणारच. लिस्बनहून येणारा माणूस पाण्यातून येत होता. मुंबईकराला हे नवं वाटू नये. गेटवे ऑफ इंडियाचंही तसंच आहे. आपण सगळे तो मागच्या बाजूने बघतो, फुगे आणि भेळ घेतो आणि घरी जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं गोवं समजून घ्यायचं असेल तर ते पाण्यावरून, आणि तेही वल्ह्याच्या लहान होडीतून पाहायला हवं. हे हौसेखातर म्हणत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला या शहराबद्दल जी चुकीची समजूत होते, ती ठरावीक प्रकारची चूक आहे, आणि ती दुरुस्त करण्याचं साधन नदीतच आहे. चूक अशी: रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटतं की हे चर्चचं गाव आहे. मोठमोठी देवळं कोणी माळावर आणून ठेवावीत तशी चर्चं उभी आहेत, मधे हिरवळ, नारळ, पार्किंग. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारशात नोंद केली तीसुद्धा ‘गोव्याची चर्चं आणि मठ’ या नावाने. बंदर हा शब्द त्या नावात नाही. पण ही चर्चं ज्या पैशावर उभी राहिली तो पैसा घोड्यांचा, मिरीचा, कापडाचा आणि जकातीचा होता, आणि तो सगळा पाण्यावरून आला. विजयनगरच्या सैन्याला लागणारे अरबी घोडे गोव्याच्या धक्क्यावर उतरत होते. पोर्तुगीज यायच्या आधीपासून उतरत होते. मठ पाहायचे आणि धक्का पाहायचा नाही, हे म्हणजे वाड्याचं देवघर पाहून यायचं आणि पेढी कुठे होती ते विचारायचंच नाही.

मुळात हे शहर बेटावर आहे, याचीही रस्त्याने जाणाऱ्याला कल्पना येत नाही. तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांचा महाल, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे: उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र, आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा फाटा. गाडी बाणस्तारीचा पूल एका मिनिटाच्या आत ओलांडते आणि आतला माणूस मोबाइलमधून मान वर काढत नाही. हाच फाटा एकेकाळी राज्याची सरहद्द होता. पलीकडे अंत्रूज, म्हणजे फोंडा. तिथे आधी आदिलशहाचा आणि पुढे मराठ्यांचा अंमल. बेटावर येण्याच्या वाटा मोजक्या होत्या आणि प्रत्येक उतारावर पहारा होता. शहराच्या रचनेतलं हे पहिलं वाक्य आहे. पूल ते खोडून टाकतात, होडी ते पुन्हा वाचायला लावते.

मग होडीच का? मांडवीत संध्याकाळी दिवे लावून, गाणी वाजवत फिरणाऱ्या मोठ्या बोटी आहेतच. पाण्यावरूनच पाहायचं तर त्या काय वाईट? वाईट नाहीत, पण त्यांना भरती-ओहोटीची पर्वा करावी लागत नाही, आणि या शहराचा सगळा इतिहास भरती-ओहोटीची पर्वा करण्यात गेला. मांडवीत उधाणाची भरती सुमारे २ मीटर चढते आणि तिचा प्रभाव मुखापासून ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. पणजी ते जुनं गोवं हे अंतर ९-१० किलोमीटर. वल्ही मारणारा माणूस तासाला चारपाच किलोमीटर जातो. भरतीबरोबर निघाला तर दोन तासांत सहज पोचतो, सुकतीला तोंड देऊन निघाला तर दंड भरून येतात आणि काठ जागचा हलत नाही. म्हणून निघण्याआधी त्याला तिथी बघावी लागते. कोकणकिनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशेब जुना आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ. व्हाइसरॉयच्या गलबताला, कस्टमच्या पडावाला, चोडण बेटावरून भाजी घेऊन येणाऱ्या डोणीला, सगळ्यांना हाच पंचांगाचा हिशेब लागू होता. इंजिनाच्या बोटीत बसून तो कळत नाही. तिथे वेळापत्रक असतं.

नदीच्या तोंडापासून सुरुवात करू. वल्ह्याच्या होडीने तिथे जाऊ नये, ते पाणी तिचं नाही. पण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की त्या उथळ दांड्यावर लाटा फुटतात आणि शिडाच्या जहाजांना नदी बंद होते, आत येणं बंद आणि बाहेर जाणंही बंद. १५१० च्या आरंभी पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने, होन्नावरच्या तिमय्याच्या मदतीने, हे शहर आदिलशहाकडून जवळपास विनासायास घेतलं. मे महिन्यात आदिलशाही फौज पावसाळी रात्रीचा फायदा घेऊन खाडी उतरून बेटावर आली आणि पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर चढावं लागलं. जहाजांवर चढले खरे, पण जाणार कुठे? दांडा बंद झाला होता. मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत आपलं आरमार घेऊन अल्बुकर्क याच नदीत अडकून पडला. काठावरच्या तोफा माथ्यावर, पोटाला अन्न नाही. पाऊस सरला, दांडा उघडला, तेव्हा तो सुटला. २५ नोव्हेंबरला नव्या कुमकेनिशी परत आला आणि मग शहर साडेचारशे वर्षं गेलं नाही. नकाशावर बघितलं तर ही गोष्ट हास्यास्पद वाटते: समुद्र समोर दिसतोय आणि माणसं उपाशी. नदीच्या पातळीवर ती हास्यास्पद राहत नाही.

याच कुलपाची दुसरी बाजू सतराव्या शतकात दिसली. नदीच्या मुखावरच्या आग्वाद या नावाचा अर्थच गोडं पाणी भरण्याची जागा. तिथे १६१२ मध्ये किल्ला झाला तो डचांच्या धास्तीने. पुढे १६३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १६४४ पर्यंत डच जहाजं मोसमामागून मोसम येऊन मांडवीचं मुख अडवून बसत. त्यांना शहर जिंकायची गरज नव्हती. पाण्याचं दार लावून घेतलं की आतलं सोनेरी शहर आपोआप सुकत होतं. जमिनीकडून पाहिलं तर त्या वर्षांत गोव्याला काही झालेलं दिसत नाही. एक भिंत पडली नाही.

आत शिरलं की डाव्या हाताला रेइश मागुशचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचं चर्च. नवा व्हाइसरॉय आला की आधी इथे मुक्काम करायचा, मग ठरल्या दिवशी थाटाने नदीतून वर जाऊन कमानीतून शहरात प्रवेश करायचा. पुढे उजव्या हाताला पणजी: आदिलशहाचा वाडा, जो पुढे सचिवालय झाला, तो आजही नदीच्या काठालाच लागून आहे, मधे फक्त रस्ता आला. समोर, म्हापशाची नदी मांडवीला मिळते त्या टोकावर, ब्रिटोनाचं पेन्य द फ्रांसचं चर्च, खलाशांच्या श्रद्धेचं. पांढऱ्या रंगाचं ते टोक होडीतून खूप लांबून दिसतं आणि लक्षात येतं की हे चर्च म्हणजे खूणही होती: इथे वळा, तिकडे जाऊ नका. रस्त्याने या चर्चला जाणारा माणूस त्याची वेदी पाहतो. त्याची जागा का निवडली असेल हा प्रश्न त्याला पडतच नाही.

इथे एक रास्त हरकत येते. व्हाइसरॉय काही डोणीतून आला नव्हता. त्याच्या जहाजाचा डेक दोन-तीन मजले उंच, तुमचं डोकं पाण्यापासून जेमतेम हातभर. मग तुम्ही पाहता ते ऐतिहासिक दृश्य कसं? हरकत व्हाइसरॉयपुरती खरी आहे, पण व्हाइसरॉय तीन वर्षांत एकदा येत होता. शहर रोज चालत होतं ते लहान होड्यांवर. मोठी जहाजं माल भरलेली असताना वरपर्यंत येऊ शकत नव्हती. खाली नांगरून त्यांचा माल पडावांत उतरवला जायचा. दिवाडी बेटावरून आणि चोडणहून तांदूळ, भाजी, मासळी, बार्देशातून नारळ, उतारांवरून माणसं: सगळं वल्ह्यावर. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्शोटेनचं पुस्तक १५९६ मध्ये आलं, त्यात शहराच्या मुख्य रस्त्यावरच्या बाजाराच्या प्रसिद्ध चित्राबरोबर गोवा-कोचीच्या मासेमारी होड्यांचंही चित्र आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत या होड्यांना अल्मादिया आणि तोन म्हणतात. अल्मादिया हा अरबी ‘मादिया’ म्हणजे तर. तोन म्हणजे आपली डोणी, दक्षिणेची तोणी. आणि जगभर चालणारा ‘कॅनू’ हा शब्द कोलंबसाच्या खलाशांनी कॅरिबियन बेटांवरून उचललेला. एका पिढीच्या आत युरोपी जहाजं पूर्वेला आणि पश्चिमेला पोचली आणि दोन्हीकडे त्यांना काठापर्यंत नेलं ते झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीने. उंच डेकचं दृश्य राज्यकर्त्यांचं होतं. हातभर उंचीचं दृश्य शहराला पोसणाऱ्यांचं. दुसरं पाहायला मिळतं हे मला उणं वाटत नाही.

पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिशने १६३३-३४ मध्ये बांधलेला दगडी बांध-रस्ता आहे, ३ किलोमीटरच्या आसपास लांब. पर्यटन-पुस्तिका त्याला आशियातला एक लांबच लांब जुना पूल म्हणून मिरवतात. होडीतून तो पूल वाटत नाही, बांध वाटतो, आणि तोच खरा अर्थ आहे. त्याच्या मागे मिठागरं, तिवरांचं रान, आणि बांधाच्या पोटातून पाणी आतबाहेर करायच्या वाटा. ज्या बुद्धीने हा रस्ता झाला ती परदेशातून आणावी लागली नव्हती, ती नदीच्या दोन्ही काठांना आधीपासून नांदत होती. खाजन जमिनी म्हणजे समुद्राकडून उसन्या घेतलेल्या जमिनी. मातीचा बांध, बांधात लाकडी दाराची मानस. भरतीला पाण्याच्या दाबानेच दार मिटतं, सुकतीला आतल्या पाण्याने उघडतं. आत कोरगूट, खारं सोसणारा भात. भात निघाला की मासे आणि कोळंबी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या, हिशेबात. गाडीच्या खिडकीतून खाजन म्हणजे चिखल आणि बगळे. दिवाडीच्या काठाने होडी नेली की बांधाची उंची आपल्या खांद्याला लागते, भरतीची ओली रेघ त्यावर दिसते, आणि पलीकडचं शेत आपण बसलोय त्या पाण्याहून खाली आहे हे समजतं. हे एकदा पाहिलं की ‘निसर्गरम्य’ हा शब्द तोंडातून निघत नाही. इथली टीचभर हिरवळही कोणाच्या तरी रोजच्या राखणीवर उभी आहे. बांध फुटला की दोन-तीन वर्षं शेत मिठाचं.

आता मोठी हरकत. जुन्या गोव्याच्या काठावर उरलंय काय? कस्टम नाही, गोदी नाही, फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हालने ज्याची तोंड भरून स्तुती केली ते नदीकाठचं राजाचं इस्पितळ नाही. एक कमान, एक फेरीचा धक्का, झाडी. होडीतून तासभर वल्ही मारून झाडीच बघायची असेल तर कॅथेड्रल काय वाईट? या हरकतीचं उत्तर त्या झाडीतच आहे. काठ रिकामा आहे, पण सारखा रिकामा नाही. कमानीतून सरळ आत जाणारा रस्ता शहराचा मुख्य रस्ता होता. त्याच्या दोन्ही अंगांना, पाण्याला धरून, आरमाराची गोदी, जकात, बाजार असा सगळा कारभार एकमेकाला चिकटून होता. होडी काठाला समांतर ठेवली की उतार कुठे सौम्य होतो, कुठे जांभा थेट पाण्यात उतरतो, धक्का कुठे बसू शकला असता हे डोळ्यांना कळायला लागतं. आणि मग खरा प्रश्न समोर येतो: एवढं सगळं गेलं कुठे, आणि चर्चंच का राहिली? व्हाइसरॉय १६९५ मध्ये शेजारच्या पणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी राजधानी म्हणून जाहीर झाली. घरं मोडली, त्यांचा दगड पणजीच्या बांधकामांना लागला. धर्मसंघ १८३५ च्या सुमारास बंद झाले, मठ ओस पडले. सेंट ऑगस्टिन चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं आणि आता ४६ मीटरचा एक अर्धा मनोरा उरलाय, जो योगायोगाने नदीतून दिसणारी सगळ्यात बोलकी खूण आहे. ज्या वास्तूंत पूजा चालू राहिली त्या राहिल्या. तेव्हा ‘चर्चचं गाव’ हे शहराचं स्वरूप नसून त्याचा गाळ आहे, पाणी ओसरल्यावर उरलेला.

शहर मेलं कशाने याबद्दलही नदीवरून विचार करावा लागतो, पण जपून. ‘मांडवी गाळाने भरली म्हणून जुनं गोवं ओस पडलं’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि होडीतून उथळ पाण्यात वल्हं चिखलाला टेकलं की ते लगेच पटतं. इतकं सहज पटतं म्हणूनच मला त्याचा संशय येतो. गाळ होता, पण दमट उतारावरच्या विहिरींचं पाणी, पटकी आणि हिवतापाच्या साथी, १५६५ नंतर विजयनगरचा बाजार तुटणं, डचांनी मोडलेला व्यापार, ही कारणं वल्ह्याला लागत नाहीत. याच्या उलट, आधीची गोष्ट गाळाची खरीच आहे असं दिसतं. कदंबांची राजधानी गोपकपट्टण जुवारीच्या काठी, आजच्या थोरल्या गोंयजवळ होती. ते बंदर उथळ होत गेलं तसा भार उत्तरेकडे, मांडवीवरच्या एलेकडे, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याकडे, सरकला, आणि १४७२ मध्ये महमूद गवानने बहामनींसाठी गोवा जिंकला त्यानंतर एला वाढत गेलं. म्हणजे गोव्याची राजधानी दोनदा हलली, आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या काठाने हलली. गोपकपट्टण, एला, पणजी: जुवारी, मांडवीचा वरचा भाग, मांडवीचं मुख. रस्त्याच्या नकाशावर या तीन जागा तीन बसथांबे आहेत. पाण्याच्या नकाशावर ती एकच हालचाल आहे, वाढत्या जहाजांबरोबर खोल पाण्याच्या शोधात निघालेली.

मराठी वाचकाच्या ओळखीचा एक प्रसंग इथेच बसतो. कुंभारजुव्याच्या वर, मांडवीच्या फाट्यांत, जुवें नावाचं बेट आहे, पोर्तुगीजांचं सांत इस्तेव्ह. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री, ओहोटी साधून, संभाजीराजांच्या माणसांनी तिथला किल्ला घेतला. किल्ला तो काय, लहानसाच. पण तिथून जुनं गोवं नजरेच्या टप्प्यात. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्व्होर स्वतः फौज घेऊन आला, त्याची धूळधाण झाली, तो जखमी होऊन परतला. शहरात एवढा हाहाकार झाला की त्याने संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपल्या अधिकाराचा दंड संताच्या हाती ठेवला. आणि तरी शहर पडलं नाही. मधे पाणी होतं, भरती चढली होती. राजांनी घोडा पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं ही हकिकत मराठी परंपरेत जपलेली आहे. ती आपण शौर्याची म्हणून सांगतो, पण ती भरतीचीही आहे. जानेवारी १६८४ मध्ये मोगल शहजादा शहाआलम रामघाट उतरला आणि मराठ्यांना मागे वळावं लागलं, हे राजकारण खरं. पण ओहोटीला मिळालेलं बेट आणि भरतीला हातचं गेलेलं शहर यांच्यामधलं अंतर होडीने अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, ते एकदा नजरेने मोजलं की बखरीतली ओळ वेगळी वाचली जाते.

कोणी म्हणेल, ही शेवटी पोर्तुगीज शहराचीच आरती झाली. नदीतून पाहिलं काय आणि रस्त्याने पाहिलं काय, नायक तोच. मला उलट अनुभव येईल असं वाटतं, कारण चर्चच्या आवारात दुसरा इतिहास दिसायला जागाच नाही, आणि नदीवर ती आहे. दिवाडीच्या नार्व्यात कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर होता. सोळाव्या शतकात देऊळ पाडलं गेलं, देव नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यात गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दोन्ही गावांचं नाव एकच, मधे नदी. देवाने जाताना गावाचं नावही बरोबर नेलं. चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती मयेमार्गे माशेलला गेली तीही पाण्यावरून. गोव्यातल्या देवळांचं हे स्थलांतर आपण तहांच्या आणि फर्मानांच्या भाषेत वाचतो. खरं तर ती रात्रीच्या होड्यांची गोष्ट आहे, आणि ज्यांनी ती वल्हवली त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. कुंभारजुव्यात आजही गणपती विसर्जनाच्या वेळी सांगोड होतो: दोन होड्या शेजारी बांधून त्यावर मंच, मंचावर सोंगं, आणि सगळं फाट्याच्या पाण्यावर. त्याच फाट्याच्या खाऱ्या पाण्यात मगरी राहतात. काठावरच्या दुर्भाट, बोरी भागातले खाजनकरी पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात, तिला मांगे थापणी म्हणतात. बांधावर कोणाचा हक्क आधीचा आहे हे त्यांना ठाऊक आहे.

विद्वानांची हरकत सगळ्यात वजनदार. इतिहास दप्तरात असतो. पांडुरंग पिसुर्लेंकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात बसून पोर्तुगेज-मराठे संबंध उलगडले, वल्हं मारून नव्हे. नदी बदलली आहे, काठ भरावाने पुढे सरकले आहेत, आजच्या डोळ्याने सोळाव्या शतकाचं पाणी कसं दिसणार? हे मान्यच आहे. होडी पुरावा देत नाही. ती दप्तराला प्रश्न विचारायला शिकवते. पत्रात ‘भरतीची वाट पाहत थांबलो’ असं असतं तेव्हा वाचक ते शब्द ओलांडून पुढे जातो. ज्याने सुकतीत वल्ही मारली आहेत तो तिथे थांबतो, तारीख बघतो, तिथी काढतो. रस्त्याचा प्रवासी दप्तर वाचून पाण्याचा इतिहास शिकू शकतो, पण त्याला तो शोधावासा वाटेल असं काही रस्त्यावर नाही.

सध्याच्या नदीबद्दलची हरकत मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. मांडवी काही वारसा-संग्रहालय नाही. पणजीसमोर कॅसिनोंची जहाजं नांगरलेली आहेत, वर खाणींचे बार्ज चालत आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं तेव्हा ते काठाला लागले. बार्जच्या लाटांनी बांध खचतात ही खाजनवाल्यांची तक्रार त्याहून जुनी. सुकतीला चिखलात बसून तिसऱ्या वेचणाऱ्या बायांना आणि जाळं टाकणाऱ्याला रंगीत कयाकांची रांग आली की काम थांबवावं लागतं. चोडणच्या टोकाला डॉ. सालिम अलींच्या नावाचं अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. तिथल्या तिवरांत होड्यांची गर्दी झाली तर पक्षी दुसरीकडे जातील, आणि मग होडीवाले पक्षी दाखवायला दुसरीकडे जातील. म्हणून हौशी होड्यांची संख्या वाढवा असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात या नदीत वल्हं घालूच नये, आणि फाट्यात शिरायचं तर स्थानिक माणसाशिवाय शिरू नये. पण संख्या आणि दृष्टी या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या गोव्याची माहिती देणाऱ्या पाट्या, सहलींची आखणी, शाळेचा धडा, हे सगळं बसथांब्यापासून सुरू होतं. ते धक्क्यापासून सुरू करायला एकही जादा होडी लागत नाही.

शिवाय कमानीचं तोंड रोज पाहणारी माणसं आहेतच. दिवाडीला पूल नाही. बेटावरचा माणूस कामाला, बाजाराला, शाळेला निघाला की फेरीबोट धरतो. पाण्यावरून येणारी कमान, मागे झाडी, झाडीच्या वर चर्चचे कळस, हे दृश्य त्याच्यासमोर हळूहळू मोठं होत जातं, अगदी फ्रांसिस्को द गामाला हवं होतं तसं. तो बहुधा त्याकडे बघत नाही. फळी पडायच्या आधीच स्कूटर चालू झालेल्या असतात, आणि पलीकडच्या काठावर कमानीखालून परत जाण्याच्या बेतात असलेला एखादा प्रवासी त्यांना वाट द्यायला बाजूला सरतो.